कॉकसला जाता येत नाही, मग आपलं मत दुसऱ्याच्या हाती देता येतं का?

फेब्रुवारीतली मंगळवारची संध्याकाळ, कॉकसची, म्हणजे पक्षाच्या स्थानिक बैठकीची. अमेरिकेत मिनियापोलिसच्या पश्चिमेला आमचं उपनगर आहे. तिथल्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये टेबलांवर प्रिसिंक्टचे क्रमांक लावले होते आणि आमच्या टेबलाची जबाबदारी माझ्याकडे होती. सातला पाच मिनिटं असताना ओळखीतले एक गृहस्थ आले, मूळचे नागपूरचे. हजेरीपत्रकावर नाव लिहिलं, सही केली आणि कोटाच्या आतल्या खिशातून एक पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. "ताई, हे मिसेसचं मत. तिची हॉस्पिटलात रात्रपाळी आहे. सगळं लिहून सही केलीय तिने."

ते पाकीट मी घेऊ शकले नाही. तसं सांगितल्यावर त्यांचा चेहरा पडला, आणि खरं सांगायचं तर माझाही. त्या बाई तीन आठवडे ठरावाचा मसुदा घासूनपुसून तयार करत होत्या. पंधरा दिवस आधी कुणी विचारलं असतं तर त्यांच्यासाठी दोन सरळ कायदेशीर वाटा मोकळ्या होत्या. आयत्या वेळी एकही उरली नव्हती. त्या रात्रीनंतर मी नियमांची कागदपत्रं वाचायला बसले आणि दर दोन वर्षांनी पुन्हा वाचते. अमेरिकेतल्या ज्या मराठी माणसांना आता मतदानाचा हक्क आहे आणि जे पक्षाच्या स्थानिक बैठकांना जाऊ लागले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरणं बहुतेक मिनेसोटा आणि आयोवाची आहेत, कारण कॉकसची परंपरा इथे पक्की आहे.

कॉकस म्हणजे थोडक्यात, एका प्रिसिंक्टमधल्या, म्हणजे एकाच मतदान केंद्राच्या हद्दीतल्या, एका पक्षाच्या लोकांची बैठक. मिनेसोटात ती संध्याकाळी सातला सुरू होते. तिथे पुढच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडतात, प्रिसिंक्टचे पदाधिकारी निवडतात, ठराव मांडतात. अध्यक्षपदाच्या उमेदवारांचा कौल मिनेसोटात २०२० पासून प्रायमरी निवडणुकीत घेतला जातो. कॉकस मात्र चालूच आहेत, आणि पक्षाचं खरं काम तिथूनच सुरू होतं.

आपल्याकडे सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभेला गेलेल्या कुणालाही यातली मूळ कल्पना लगेच कळेल. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की सभासदाला एकच मत, आणि ते स्वतः हजर राहून द्यायचं, प्रॉक्सीमार्फत, म्हणजे आपल्या वतीने मत द्यायला दुसऱ्याला नेमून, नाही. कंपनीच्या भागधारकाला मात्र प्रॉक्सी नेमता येते. शेअर विकता येतो, दुसऱ्याच्या नावावर करता येतो, म्हणून त्याच्यामागचं मतही दुसऱ्याच्या हाती देता येतं. सभासदत्व व्यक्तीला चिकटलेलं असतं. पक्षाची बैठक सहकारी संस्थेच्या जातकुळीतली आहे, कंपनीच्या नाही. एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढचे निम्मे नियम तुम्हाला न वाचताच ओळखता येतील.

आधी पाहा, बैठक कोणत्या पायरीवरची आहे

"प्रॉक्सी चालते का?" असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, "कुठल्या बैठकीत?" कारण पायरी बदलली की उत्तर बदलतं.

सर्वांत खालची पायरी प्रिसिंक्ट कॉकसची. तिथे तुम्ही केवळ त्या भागातले रहिवासी आणि पक्षाचे समर्थक म्हणून जाता. तुम्हाला कुणी निवडून दिलेलं नसतं. त्यावरची पायरी काउंटीच्या किंवा सिनेट डिस्ट्रिक्टच्या अधिवेशनाची, मग काँग्रेशनल डिस्ट्रिक्टची, मग राज्याची. या सगळ्या पायऱ्यांवर तुम्ही निवडून आलेले प्रतिनिधी असता, किंवा पर्यायी प्रतिनिधी. तिसरा प्रकार समित्यांचा. काउंटी समिती, राज्य मध्यवर्ती समिती अशा समित्या वर्षभर भरतात, त्यांचे सभासद ठरलेले असतात आणि मुदत ठरलेली असते.

पहिल्या पायरीवर घरून पाठवलेल्या प्रॉक्सीला जागा नसते. मधल्या पायऱ्यांवर बहुतेक ठिकाणी पर्यायी प्रतिनिधी ती गरज भागवतो. समित्यांमध्ये मात्र पक्षाच्या पोटनियमांत प्रॉक्सीची तरतूद सापडू शकते, आणि सापडली तर तिला अटींची शेपटीही असते. तुमच्या हातातलं निमंत्रण नीट वाचा. वर "कॉकस" लिहिलंय, "कन्व्हेन्शन" लिहिलंय की "सेंट्रल कमिटी", यावर सगळं ठरतं.

नियम कुठे शोधायचे आणि कोणत्या क्रमाने

पाच ठिकाणी शोधायचं, आणि क्रम मोडायचा नाही. वरच्या नियमाने "नाही" म्हटलं असेल तर खालच्याला "हो" म्हणता येत नाही.

पहिलं ठिकाण राज्याचा कायदा. आयोवाच्या निवडणूक कायद्यात काउंटी अधिवेशनासाठी थेट लिहिलं आहे की एखाद्या प्रिसिंक्टचे सगळे प्रतिनिधी आले नाहीत, तर पक्षाच्या नियमांनी परवानगी दिली असल्यास आलेले प्रतिनिधी त्या प्रिसिंक्टची पूर्ण मतं टाकतील, पण प्रॉक्सी असणार नाही. इतकं स्वच्छ वाक्य कायद्यात असल्यावर पुढे काही पाहायची गरज उरत नाही. मिनेसोटाच्या कायद्याचं प्रकरण २०२ए कॉकसबद्दल आहे. कोण मत देऊ शकतो ते त्यात सांगितलं आहे: पुढच्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत मतदानाला पात्र होणारी, त्याच प्रिसिंक्टमध्ये राहणारी, त्या पक्षाची तत्त्वं मान्य असलेली व्यक्ती. एका वर्षात एकाच पक्षाच्या कॉकसमध्ये भाग घेता येतो.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी. हजेरीपत्रकावरची सही ही तुम्ही पात्र असल्याची घोषणा असते. ग्रीन कार्डवर किंवा एच-वन-बीवर असाल तर तुमचा उत्साह कितीही खरा असो, ती सही करू नका. मत देण्याचा हक्क नसताना तो असल्याचं लिहून देणं पुढे नागरिकत्वाच्या अर्जात फार महागात पडू शकतं. बाजूला बसून बैठक पाहता येईल का, एवढं टेबलावर विचारा.

दुसरं ठिकाण राष्ट्रीय पक्षाचे नियम. दोन मोठे पक्ष इथे वेगवेगळ्या दिशांना जातात. रिपब्लिकन पक्षाचा नियम कडक आहे: राष्ट्रीय अधिवेशनाचे प्रतिनिधी निवडणाऱ्या डिस्ट्रिक्ट किंवा राज्य पातळीच्या अधिवेशनात प्रॉक्सी नाही, आणि पर्यायी प्रतिनिधी निवडलेले असतील तर मूळ प्रतिनिधीच्या गैरहजेरीत तेच मत देतील, दुसरं कुणी नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधी-निवड नियमांत एक अरुंद फट ठेवलेली आहे. तिच्याबद्दल पुढे सविस्तर सांगते.

तिसरं, राज्य पक्षाची घटना आणि पोटनियम. चौथं, त्या वर्षीचा "कॉल", म्हणजे बैठक बोलावणारा अधिकृत कागद. तो बहुतेक जण तारीख आणि पत्ता पाहून मिटून ठेवतात. अर्जांच्या मुदती आणि गैरहजर राहणाऱ्यांसाठीची सोय त्यातच असते, म्हणून तो शेवटच्या पानापर्यंत वाचावा.

पाचवं, सभाशास्त्राचं पुस्तक. बहुतेक पक्ष-संघटनांच्या पोटनियमांत शेवटी एक ओळ असते की वर काही नसेल तिथे 'रॉबर्ट्स रूल्स ऑफ ऑर्डर' लागू. हेन्री मार्टिन रॉबर्ट हे लष्करातले अभियंता. १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या न्यू बेडफर्डला चर्चची एक सभा त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि हाताबाहेर गेली. त्या अनुभवातून अभ्यास सुरू झाला आणि १८७६ मध्ये पुस्तक निघालं. प्रॉक्सीबद्दल त्याचं म्हणणं असं की जिथे सभासदत्व व्यक्तिगत आणि अहस्तांतरणीय आहे, तिथे प्रॉक्सी सभेच्या स्वभावातच बसत नाही. कायद्याने किंवा पोटनियमांनी स्पष्ट परवानगी दिली असेल तरच ती चालते. म्हणजे नियम गप्प असतील तर उत्तर "नाही". "कुठे मनाई केलीय दाखवा" असं म्हणणारे भेटतात. त्यांना शांतपणे सांगायचं की परवानगी कुठे आहे ते तुम्ही दाखवायचं आहे.

इतकी कडक मनाई का

नियम नुसते पाठ करून लक्षात राहत नाहीत. ते कुठल्या जखमेवर आले हे कळलं की राहतात.

१९६८ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ते प्रायमरी निवडणुकांत उतरलेच नव्हते. बाहेर रस्त्यावर पोलिसांच्या लाठ्या चालत होत्या आणि आत लोक विचारत होते की हे प्रतिनिधी निवडले तरी कुणी. त्यातून एक आयोग नेमला गेला. आधी सिनेटर जॉर्ज मॅकगव्हर्न त्याचे अध्यक्ष होते, नंतर मिनेसोटाचेच खासदार डोनाल्ड फ्रेझर. आयोगाने राज्याराज्यांत प्रतिनिधी कसे निवडले गेले ते तपासलं. मिसुरी राज्यातल्या एका टाउनशिपच्या बैठकीत पक्षाच्या एका पदाधिकाऱ्याने एकट्याने ४९२ प्रॉक्सी मतं टाकली होती. सभागृहात जमलेल्या माणसांच्या ती तिप्पट होती.

त्या संध्याकाळी जेवणं आटोपून, मुलांना कुणाकडे तरी सोपवून जे त्या सभागृहात गेले असतील, त्यांचा विचार करा. ते आले, बसले, बोलले, त्यांनी हातही वर केले. एका माणसाच्या कागदांच्या गठ्ठ्यापुढे त्या सगळ्याची किंमत शून्य झाली. मी कुणालाही प्रॉक्सी नाकारते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हे सभागृह असतं.

आयोगाने राज्य पक्षांना बजावलं की प्रतिनिधी निवडीत प्रॉक्सी बंद करा, नियम लेखी ठेवा, गणसंख्या (कोरम) किमान ४० टक्के ठेवा, आणि बहुमताने सगळ्या गटाची मतं एकाच बाजूला टाकण्याची 'युनिट रूल'ची पद्धत बंद करा. पुढे डेमोक्रॅटिक नियमांत प्रॉक्सीला थोडी जागा परत मिळाली, पण ४९२ चा गठ्ठा पुन्हा कधी जमू नये अशा अटींसकट.

दुसरं कारण कॉकसच्या चालण्यातच आहे. मिनेसोटातल्या डीएफएल, म्हणजे डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर पक्षाच्या अधिवेशनात 'वॉकिंग सबकॉकस' होतो. लोक उमेदवाराच्या किंवा मुद्द्याच्या नावाने खोलीच्या कोपऱ्यांत गट करून उभे राहतात. ज्या गटात पुरेशी माणसं जमत नाहीत तो मोडतो, त्यातले लोक दुसऱ्या गटांशी बोलतात, घासाघीस करतात आणि पाय उचलून तिकडे जातात. आयोवात २०२० च्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये बहुतेक प्रिसिंक्टांत १५ टक्क्यांची रेघ होती. पहिल्या फेरीत त्याखाली राहिलेल्यांना दुसरी फेरी मिळत होती. अशा वेळी पाकिटातल्या चिठ्ठीवर एकच नाव असेल आणि तो गट मोडला, तर पुढे काय? एक तर ते मत तिथेच संपलं, नाही तर पाकीट आणणारा आपल्या मनाने ठरवणार, म्हणजे ते मत त्याचंच झालं.

प्रॉक्सी नाही, मग काय करता येतं

या भागावर मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण लोक "प्रॉक्सी नाही" ऐकून घरी बसतात आणि हाताशी असलेले हक्क वापरतच नाहीत.

पहिला हक्क सुट्टीचा. मिनेसोटाच्या कायद्यानुसार कॉकसला जाण्याचा हक्क असलेल्या कर्मचाऱ्याने मालकाला किमान दहा दिवस आधी लेखी कळवलं, तर कॉकसच्या वेळेपुरतं त्याला कामावरून गैरहजर राहता येतं. दंड नाही, शिक्षा नाही. फक्त तेवढ्या वेळाचा पगार कापला जाऊ शकतो. राज्य मध्यवर्ती समितीचे सभासद आणि अधिवेशनाचे प्रतिनिधी व पर्यायी प्रतिनिधी यांनाही त्यांच्या बैठकांसाठी अशीच तरतूद आहे, तीही दहा दिवसांच्या लेखी सूचनेवर. पत्र मोठं नको. तारीख, कॉकसची तारीख आणि वेळ, "मी या वेळेत कॉकसला हजर राहण्यासाठी गैरहजर असेन", "ही राज्य कायद्यानुसार दिलेली लेखी सूचना आहे", सही. ईमेल केलात तरी एक प्रत स्वतःला पाठवून ठेवा आणि वरिष्ठांकडून पोच मागा. दहा दिवस मोजताना काठावर राहू नका, पंधरा दिवस आधीच द्या. रात्रपाळीवाल्यांनी तर पाळ्यांचं वेळापत्रक लागण्याआधीच द्यावं. नंतर कुणाशी पाळी बदलून घेणं सोपं नसतं.

त्या नागपूरकरांच्या घरी पुढच्या खेपेला मी डिसेंबरातच फोन केला. वहिनींनी जानेवारीच्या सुरुवातीला पत्र दिलं. कॉकसच्या संध्याकाळी त्या हॉस्पिटलच्या कपड्यांतच आल्या, ठराव स्वतः वाचला, दोन प्रश्नांना उत्तरं दिली आणि साडेआठला परत कामावर गेल्या.

कायद्याने त्या संध्याकाळी आणखीही थोडी वाट मोकळी ठेवली आहे. कॉकसच्या दिवशी सहानंतर नगरपरिषद, काउंटी बोर्ड, शाळा मंडळ यांना बैठक घेता येत नाही. मुलांच्या सरकारी शाळेने त्या वेळी कार्यक्रम ठेवला असेल तर मुख्याध्यापकांना आदराने आठवण करून द्या.

दुसरी वाट गैरहजर राहणाऱ्याच्या अर्जाची. डीएफएलमध्ये असा अर्ज आहे. आजारपण, काम किंवा तशाच कारणाने येता येत नसेल तर तो आधी भरून द्यायचा. त्याने दोन गोष्टी होतात: प्रतिनिधी व्हायची तुमची तयारी आहे हे बैठकीपर्यंत पोचतं आणि तुमचा ठराव बैठकीपुढे जाऊ शकतो. त्याने तुमचं मत मोजलं जात नाही. हा फरक घरी सगळ्यांना नीट समजावून सांगा, नाही तर नंतर गैरसमज होतात. आणि निवड होईलच याची हमी नसते, खोलीतले लोक ठरवतात. म्हणून खोलीत तुमच्याबद्दल दोन वाक्यं बोलणारं कुणी तरी असू द्या.

तिसरी वाट माझ्या मते सर्वांत मोलाची आहे आणि सर्वांत कमी वापरली जाते. मत दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, पण ठराव देता येतो. ठरावाचा कागद शेजारच्याला द्या. त्याने तो स्वतःच्या नावाने मांडायचा. एका ठरावात एकच मागणी, चार-पाच ओळींत, वाचायला अर्धं मिनिट. मांडणाऱ्याला त्यामागचं कारण माहीत असलं पाहिजे, म्हणून आदल्या दिवशी चहाला बोलावून समजावून सांगा. आमच्या प्रिसिंक्टमधून वर गेलेल्या ठरावांपैकी काहींचे मूळ लेखक त्या रात्री खोलीत नव्हतेच.

प्रतिनिधी म्हणून निवडून आलात आणि पुढच्या अधिवेशनाला जाता येत नाही असं दिसलं, तर ओळखीच्या माणसाला "माझ्या जागी जा" म्हणू नका. पर्यायी प्रतिनिधी त्यासाठीच निवडलेले असतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. पात्रता समितीला लवकर लेखी कळवा, म्हणजे यादीतल्या पुढच्या माणसाला तयारीला वेळ मिळेल. तो तुमच्या मताचा नसेल, हे खरं. तरी त्यालाही लोकांनीच निवडलेलं आहे, आणि तुमचा मित्र कितीही भला असला तरी त्याला कुणी निवडलेलं नाही.

जिथे प्रॉक्सी चालते, तिथे ती कशी द्यायची

आता ती अरुंद फट. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रतिनिधी-निवड नियमांत जी प्रॉक्सी आहे तिची रचना अशी: तुम्ही आधी बैठकीला प्रत्यक्ष यायचं, आपली पात्रता नोंदवायची, आणि मगच, निघून जायची वेळ आली तर, त्याच बैठकीत नोंदवलेल्या दुसऱ्या पात्र व्यक्तीकडे प्रॉक्सी देता येते. ती पुढे तिसऱ्याला देता येत नाही. तुमच्या जागी बसू शकेल असा पात्र पर्यायी प्रतिनिधी हजर असेल तर प्रॉक्सी देताच येत नाही. आणि एका माणसाकडे एका वेळी तीनपेक्षा जास्त प्रॉक्सी नकोत.

पुन्हा वाचा: आधी यायचं. घरून पाठवलेलं पाकीट इथेही चालत नाही. ही सोय लांबलेल्या अधिवेशनातून मुलाला पाळणाघरातून आणायला जाणाऱ्या आईसाठी आहे, दिवसभर फिरकलाच नाही अशासाठी नाही. शिवाय तुमच्या राज्याच्या पक्षाने ही सोय स्वीकारली आहे का, ते राज्याच्या निवड आराखड्यात पाहावं लागतं.

समित्यांच्या बैठकांत पोटनियमांनी परवानगी दिली असेल तर प्रॉक्सीचा कागद असा करा. तुमचं पूर्ण नाव, पत्ता आणि कोणत्या नात्याने सभासद आहात ते. ज्याला देता त्याचं पूर्ण नाव. ही जागा कधीही कोरी सोडू नका. कोरी सही केलेली प्रॉक्सी कुणाच्या हाती जाईल हे तुमच्या हाती राहत नाही. बैठकीचं नाव, तारीख, ठिकाण, आणि "फक्त याच बैठकीसाठी" हे शब्द. मग सही, तारीख, वेळ. शेवटी एक ओळ: "मी स्वतः हजर झाल्यास ही प्रॉक्सी आपोआप रद्द." एक प्रत सचिवांना, एक प्रॉक्सीधारकाला, एक स्वतःकडे.

सर्वांत अवघड भाग सूचनांचा. प्रॉक्सी सर्वसाधारण ठेवलीत तर धारक सगळं आपल्या मनाने ठरवतो. सूचनांसह दिलीत तर प्रत्येक विषयावर हो, नाही किंवा तटस्थ हे लिहावं लागतं. अमेरिकी प्रतिनिधिगृहाने मे २०२० ते जानेवारी २०२३ या काळात, साथीमुळे, प्रॉक्सी चालवली होती. एका सदस्याकडे जास्तीत जास्त दहा, आणि प्रत्येक मतदानासाठी नेमकी लेखी सूचना हवीच. धारकाला स्वतःच्या मनाचं काही करता येत नसे. मला ही पद्धत पटते. मात्र सभेत दुरुस्त्या येतात, दुसरी फेरी होते, आणि त्यांचा उल्लेख कागदावर नसतो. म्हणून एवढं जरूर लिहा: "विषयात दुरुस्ती झाल्यास तटस्थ राहावे" किंवा "पहिली पसंती बाद झाल्यास दुसरी पसंती अमुक". धारकाने मोठ्या मनाने अंदाज बांधावा, अशी वेळ त्याच्यावर आणू नका. मैत्री तुटायला तेवढं पुरतं.

टेबलामागे बसणाऱ्यांसाठी

सचिव किंवा संयोजक असाल तर प्रॉक्सीचा प्रश्न बैठक सुरू व्हायच्या आधीच निकाली काढा. मतदान सुरू झाल्यावर कागद पुढे आले की वाद पेटतो. दारावरच विचारा: कुणाकडे प्रॉक्सी आहे का? मग कुठल्या नियमाखाली, ते बघा. नियम सापडला नाही तर कागद नम्रपणे परत करा आणि तसं इतिवृत्तात लिहा. सापडला तर देणाऱ्याची पात्रता, धारकाची पात्रता, हजर पर्यायी प्रतिनिधी आणि एका हातातल्या प्रॉक्सींची संख्या, या चार गोष्टी तपासा. पात्रता समितीच्या अहवालात हजर किती आणि प्रॉक्सी किती, असे दोन आकडे वेगळे वाचून दाखवा.

गणसंख्येचा घोळ इथेच होतो. डेमोक्रॅटिक नियमांत पहिल्या पायरीच्या वरच्या बैठकांना प्रतिनिधी निवडीच्या कामासाठी ४० टक्के गणसंख्या लागते. प्रॉक्सी त्यात धरायची का हे तुमच्या पोटनियमांत स्पष्ट नसेल तर धरू नका. सभाशास्त्रात गणसंख्या म्हणजे हजर माणसं.

डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिकृत समित्यांमध्ये गुप्त मतदान नसतं, पक्षाच्या सनदेतच तसं आहे. याचा एक फायदा होतो. सूचनांसह दिलेली प्रॉक्सी धारकाने बरोबर टाकली का, हे सगळ्यांना दिसतं.

आणि तुम्ही सभासदांत बसला असाल आणि चुकीची प्रॉक्सी मोजली जाताना दिसली, तर हात वर करून उभ्या राहा: "मॅडम चेअर, पॉइंट ऑफ ऑर्डर." आपल्याकडचा हरकतीचा मुद्दाच हा. एका वाक्यात नियम सांगा, भाषण नको. अध्यक्ष निर्णय देतील. तो पटला नाही तर "मी निर्णयावर अपील करते" म्हणा. एकाने अनुमोदन दिलं की प्रश्न सभेपुढे जातो. निर्णय फिरवायला बहुमत लागतं, मतं समसमान पडली तर अध्यक्षांचा निर्णय कायम. "आजच्यापुरतं चालवून घेऊ, कुणाची हरकत नाही ना?" असं अध्यक्षांनी विचारलं तरी गप्प राहू नका. मत फक्त हजर सभासदाचं, हे रॉबर्टच्या पुस्तकानुसार मूलभूत तत्त्व आहे, आणि असं तत्त्व एकमतानेही तात्पुरतं बाजूला ठेवता येत नाही. अशी चूक झाली तर हरकत लगेच घेतली नाही म्हणून ती कायमची बुडत नाही, पण लगेच घेतलेलीच बरी. बैठकीनंतर लेखी तक्रार करायची असेल तर मुदत थोडी असते, म्हणून त्याच रात्री आकडे, वेळ आणि नेमके शब्द टिपून ठेवा.

प्रॉक्सीसारख्या दिसणाऱ्या, पण प्रॉक्सी नसलेल्या सोयी

वॉशिंग्टन राज्यात २०१६ च्या डेमोक्रॅटिक कॉकसला आजारी, अपंग, लष्करात असलेल्या, कामावर असलेल्या किंवा धार्मिक कारणाने येऊ न शकणाऱ्या लोकांना आधी प्रतिज्ञापत्र भरून आपली पसंती नोंदवता आली. नेवाडात २०२० मध्ये लोकांनी काही दिवस आधी पसंतीक्रमाच्या पत्रिका भरल्या आणि त्या त्यांच्या प्रिसिंक्टच्या मोजणीत धरल्या गेल्या. आयोवाच्या डेमोक्रॅटिक पक्षाला २०२० साठी फोनवरून कॉकस घ्यायचं होतं. राष्ट्रीय पक्षाने सुरक्षेच्या कारणावरून ते नाकारलं, तेव्हा 'सॅटेलाइट कॉकस', म्हणजे नेहमीच्या प्रिसिंक्टबाहेरच्या ठिकाणी भरणारे कॉकस, निघाले, अगदी पॅरिस आणि ग्लासगोलाही. २०२४ मध्ये त्याच पक्षाने पसंतीची कार्डं टपालाने घेतली. १५ जानेवारीला कॉकसमध्ये पक्षाचं बाकीचं काम झालं आणि निकाल ५ मार्चला आला. रिपब्लिकनांनी १५ जानेवारीला प्रत्यक्ष हजेरीवरच मतदान घेतलं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे: पसंती स्वतः मतदाराने नोंदवली. मध्ये दुसऱ्या माणसाचं मन नव्हतं. म्हणून तुमच्या राज्यात काय सोय आहे ते विचारताना "प्रॉक्सी आहे का?" एवढंच विचारून थांबू नका. उत्तर "नाही" येईल आणि फोन संपेल. त्याऐवजी विचारा, "हजर राहू न शकणाऱ्यांसाठी कोणता अर्ज आहे, शेवटची तारीख कोणती, आणि त्यात मत मोजलं जातं की फक्त नाव पुढे जातं?"

मंडळाच्या सभेबद्दल थोडं

हे वाचून कुणी आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या वार्षिक सभेत प्रॉक्सीविरुद्ध उभं राहण्याआधी थांबा. मंडळं बहुधा राज्याच्या ना-नफा संस्थांच्या कायद्याखाली नोंदलेली असतात, आणि मिनेसोटासारख्या राज्यात पोटनियमांनी परवानगी दिली असेल तर सभासदाला प्रॉक्सी देता येते. आधी मंडळाचे पोटनियम मागून घ्या. नसतील सापडत तर मागच्या सचिवांना विचारा, बहुधा त्यांच्या जुन्या ईमेलमध्ये असतात.

कॉकसला जाताना

ओळखपत्र मागतीलच असं नाही, पण आपला प्रिसिंक्ट आदल्या दिवशी राज्य सचिवांच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहून ठेवा. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर तो बदललेला असू शकतो. ठरावाच्या तीन प्रती न्या. प्रॉक्सीबद्दलचा नियम छापून न्या, फोनवर शोधेपर्यंत मतदान होऊन जातं. साडेसहाला पोचा. सातनंतर पार्किंग मिळत नाही, आणि फेब्रुवारीत ते दूरवरून चालत यायचं अंतर नाही.